मालगाडी चालते, पण ताट पडलं की रडू येतं – हे आजाराचं आहे का?

मापाची_वही (भुसावळ)

नमस्कार. बरेच दिवस इथे नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा लिहितेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

वय ३६. हे रेल्वेत आहेत. घरी सासूबाई, नऊ वर्षांचा मुलगा आणि मी. घरीच ब्लाउज शिवून देते. मला बायपोलर आहे, म्हणजे मूड कधी फार वर चढतो, कधी फार खाली जातो, तो आजार. मुलगा झाल्यावर दीड महिन्यात पहिल्यांदा आजारी पडले, नंतर दोनदा ॲडमिट झाले. त्यावर लिथियमची गोळी चालू आहे. गेली दोन वर्षं बरं चाललंय.

आमचं घर रुळांच्या इतकं जवळ आहे की मालगाडी गेली की मांडणीतले पेले किणकिणतात. रात्रभर यार्डात शंटिंग चालतं, डबे एकमेकांवर आदळतात, इंजिनं ओरडतात. मी ढाराढूर झोपते. माहेरचं कुणी मुक्कामाला आलं की सकाळी लाल डोळ्यांनी विचारतं, "तुला इथे झोप कशी गं लागते?" लागते.

पण परवा दुपारी सासूबाईंच्या हातून स्टीलचं ताट ओट्यावरून फरशीवर पडलं. पडल्यावर ते गोल गोल फिरत थांबेपर्यंत जो आवाज करतं ना, तो. मी आत हूक लावत बसले होते. दातांतून सणक गेली, मानेखाली घाम सुटला आणि रडू आलं. दुःखाचं रडू नाही. चुलीचा धूर डोळ्यांत गेल्यावर पाणी येतं तसं. सासूबाई म्हणाल्या, "गाडीचा आवाज चालतो आणि ताटाचा चालत नाही? काय बाई एकेक नाटकं!" त्या वाईट नाहीत. ॲडमिट होते तेव्हा तान्ह्या मुलाला त्यांनीच सांभाळलं. आणि त्यांचा प्रश्न बरोबरच आहे, मलाच त्याचं उत्तर देता आलं नाही.

ताटाचं एकच नाही. मिक्सर. कुकरची शिट्टी नाही, पण शिट्टीच्या आधीची ती सुरसुर. हे रात्री मोबाईलवर एकामागून एक व्हिडिओ सरकवतात, दर दहा सेकंदांनी नवं गाणं, नवं हसणं, ते. काळ्या मसाल्याच्या मिरच्या भाजल्या की ठसका घरात सगळ्यांनाच लागतो, पण त्यांचा पाच मिनिटांत जातो आणि माझ्या नाकात तो वास संध्याकाळपर्यंत मुक्कामाला असतो. ट्यूब लुकलुकायला लागली की बदलेपर्यंत त्या खोलीत पाऊल टाकवत नाही. वॉर्डात होते तेव्हा माझ्या पलंगावरची ट्यूब सारखी गुणगुणायची. औषधांपेक्षा तीच जास्त आठवते.

आता गंमत ऐका. माझं शिलाई मशीन, मोटर लावलेलं, दिवसाचे सहा-सात तास कानाशी खडखडतं. त्याचं मला काही होत नाही. उलट बरं वाटतं. पण मुलगा खेळताना पायडल दाबतो तेव्हा तोच आवाज नको होतो. मशीन तेच, खोली तीच!

आणि हे कायम सारखं नसतं. खाली गेलेली असते तेव्हा सगळंच लांबून येतं. एकदा थंडीत आईनं भरताची वांगी पाठवली होती, काड्यांवर भाजून, वरून शेंगदाणे, कांद्याची पात, सगळं. मला तोंडात ओला कापूस धरल्यासारखं लागलं. हात पोळला तेही भाकरी करपल्याचा वास आल्यावर कळलं. याउलट वर जायला लागते तेव्हा रंग अंगावर येतात. एका गिऱ्हाइकाचं जांभळं कापड होतं, ते मी कापायला घेईना, कारण ते मला ओरडल्यासारखं दिसत होतं. हे वाक्य कुणाला कळेल की नाही माहीत नाही.

दोन वर्षांपूर्वी ॲडमिट व्हायच्या साधारण बारा दिवस आधी मी यांना म्हटलं होतं, "मिक्सर फार मोठा वाजायला लागलाय." हे म्हणाले, भांडं सैल झालं असेल, आणि दुरुस्तीला घेऊन गेले. दुकानदारानं तपासून परत दिला. मिक्सर ठणठणीत होता. तेव्हा मी चांगली झोपत होते, हसत होते, डोकं ताळ्यावर होतं. कानच आधी गेले.

तेव्हापासून ब्लाउजची मापं लिहिते त्या वहीच्या मागच्या पानांवर रोज रात्री दोन आकडे टाकते. मिक्सर किती, फोडणी किती, पाचपैकी. पुढून छाती-कंबर-बाही आणि मागून हे. डॉक्टरांना एकदा सांगायला गेले तर बाहेर पन्नास जण बसलेले, ते म्हणाले झोप नीट घ्या, आवाजाचं मनावर घेऊ नका. विषय संपला.

आता आखाजी, म्हणजे आमच्या खानदेशातली अक्षय्य तृतीया, तोंडावर आलीय. माहेर यावल तालुक्यात. चार भावांचं खटलं, आम्ही तिघी बहिणी पोराबाळांसकट, म्हणजे पंचवीस माणसं. घागरी भरायच्या, पुरणाचा घाट, अंगणात झोके, गौराईची गाणी, ओसरीवर बाप्ये पत्ते कुटत बसतात आणि पान पडलं की ओरडतात. शिवाय चौकात भोंगा. गेल्या वर्षी मी गेले नाही. आई फोनवर काहीच बोलली नाही, ते जास्त लागलं. जायचंय मला. झोका मला लहानपणापासून आवडतो, अर्धा तास झोका घेतला की डोकं धुतल्यासारखं होतं.

कुणाला असं होतं का? हे बायपोलरचंच आहे की वेगळं काही? आणि सासूबाईंना काय उत्तर देऊ?

रावेरकर

ताई, राग मानू नका, पण डीजेनं सगळ्यांचंच डोकं उठतं. आमच्या शेजारी लग्न होतं तर म्हशीनं दोन दिवस दूध चोरलं. मग म्हशीलाही बायपोलर म्हणायचं का? प्रत्येक गोष्टीला आजाराचं नाव देऊ नका, अशानं माणूस आणखी हळवा होतो.

पांझरा_काठ (धुळे)

रावेरकर, म्हशीला दुसऱ्या दिवशी भाजी आणायला जावं लागत नाही. मला लागतं.

ताई, मला स्किझोफ्रेनिया आहे, पंधरा वर्षं झाली. बियाण्यांच्या दुकानात हिशोब लिहितो. तुमचं जांभळं कापड मला कळलं.

लोकांना वाटतं आमचा त्रास म्हणजे कानात नसलेले आवाज येणं. ते गोळ्यांनी बरंच कमी झालंय. राहिलाय तो असलेल्या आवाजांचा त्रास. तुम्ही बाजारात उभे राहून माणसाशी बोलता तेव्हा त्याचा आवाज पुढे असतो आणि बाकीचा बाजार मागे जातो. माझा मागे जात नाही. मेथीवाली, रिक्षाचं इंजिन, कुणाची तरी रिंगटोन, पिशवीचा चुरचुराट, आणि माझ्याशी बोलणारा माणूस, सगळे एका रांगेत, एकाच उंचीचे. मी त्याच्या तोंडाकडे बघत राहतो आणि त्याला वाटतं हा मंद आहे.

याचं कारण थोडंफार वाचलंय. कोलोराडोच्या संशोधकांनी १९८२ मध्ये एक प्रयोग छापला. कानात 'टक' असा आवाज द्यायचा आणि अर्ध्या सेकंदानं दुसरा तसाच 'टक'. डोक्याला तारा लावून मेंदू किती उसळतो ते मोजायचं. एरवी माणसाचा मेंदू पहिल्याला उसळतो आणि दुसऱ्याला 'कळलं, कळलं' म्हणून दाबून टाकतो. स्किझोफ्रेनिया असलेल्या बऱ्याच जणांत दुसऱ्यालाही जवळजवळ तेवढाच उसळलेला दिसला. म्हणजे दारावरचा रखवालदारच झोपलेला. यावरून कुणाचं निदान करत नाहीत, पण मला हे वाचून काय बरं वाटलं सांगू! इतकी वर्षं मला वाटायचं माझं लक्ष नाही. उलट होतं. माझं सगळीकडे लक्ष होतं.

आणि तुमच्या पोळलेल्या हाताबद्दल. माझं बाहेरचं जास्त येतं आणि आतलं येतच नाही. भूक, तहान, उकाडा, लघवी, काहीच वेळेवर कळत नाही. मे महिन्यात मी स्वेटर घालून दुकानात जायचो, अख्खी गल्ली हसायची. आई दारात उभी राहून ओरडायची, "घाम यी राहिना तुले, काढ ना ते!" अजून दुपारी एकला तिचा फोन येतो, "भूक लागनी का?" मी म्हणतो माहीत नाही. ती म्हणते, मग जेव. या एका फोनवर माझी नोकरी टिकली आहे.

मी काय करतो: बाजार सकाळी सातला, गाड्या लागत असतानाच. गर्दीत बोलायचं असेल तर भिंतीला पाठ लावून, म्हणजे निदान मागून काही येत नाही. मालकांना स्पष्ट सांगितलं की हिशोब मागच्या खोलीत बसून लिहीन, गिऱ्हाइकांचं काउंटर नको. ते म्हणाले, बेरीज चुकली नाही म्हणजे झालं.

अमळनेरची_ओटी

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे आजारपणात माणसाला रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणारी. मूळची अमळनेरची, आता नाशिकला. मराठीत व्यवसायोपचार म्हणतात, पण त्यानं कुणालाच काही कळत नाही. ओटी म्हटलं की लोकांना ऑपरेशन थिएटर वाटतं. माझ्या आजीला अजून वाटतं मी शस्त्रक्रिया करते, आणि मी तिला सुधारत नाही.

ताई, तुमच्या सासूबाईंचा प्रश्न परीक्षेत घालावा इतका चांगला आहे. मालगाडी लांबून येते. आधी रूळ गुणगुणतात, मग जमीन हलते, मग आवाज चढतो, मग उतरतो. तुमच्या मेंदूला ती येण्याआधीच माहीत असते. रोज येते, काही वाईट घडत नाही, म्हणून तो तिला मोजणं सोडून देतो. ताट सांगून पडत नाही. शिवाय ते जवळ पडतं, आणि स्टीलचा आवाज चिरका. मोठा-लहान हा मुद्दाच नाही, अंदाज आहे की नाही हा आहे. सासूबाईंना सांगा, शेजाऱ्यानं दार वाजवून आत येणं वेगळं आणि मांजर अंगावर उडी मारणं वेगळं.

मशीनचंही तेच, जरा पुढचं. स्वतःला गुदगुल्या करून बघा, होत नाहीत. आपलाच हात काय करणार हे मेंदूला आधी कळतं आणि तो ती जाणीव दाबून टाकतो. तुमचा पाय पायडलवर असतो तेव्हा खडखडाट तुमच्या हुकमातला असतो. मुलाचा पाय असला की तोच आवाज परक्याचा होतो.

हे बायपोलरचंच का, तर सरळ हो किंवा नाही म्हणता येत नाही. 'संवेदनांचा त्रास' असा वेगळा आजार डीएसएम-५ या निदानाच्या पुस्तकात नाही. २०१३ मध्ये त्यांनी तो ऑटिझमच्या लक्षणांत घेतला, तेवढंच. पण बायपोलर, स्किझोफ्रेनिया, चिंता, आघातानंतरचा त्रास, या सगळ्यांत तो दिसतो. आमच्या क्षेत्रात याची सुरुवात जीन आयर्स या अमेरिकन थेरपिस्टपासून झाली, मुलांच्या शिकण्याच्या अडचणींवर काम करताना. पुढे विनी डन यांनी १९९७ मध्ये एक मांडणी केली, ती मोठ्यांनाही लागू पडते. काहींना थोडक्यातच खूप जाणवतं, काहींना खूप झालं तरी थोडं. त्यात काही जण निमूट सोसतात आणि काही जण हातपाय हलवतात, म्हणजे टाळतात किंवा मुद्दाम शोधत जातात. असे चार कोपरे. एकाच माणसाचे कान एका कोपऱ्यात आणि पोट दुसऱ्या कोपऱ्यात असू शकतं, वर पांझरा_काठ यांनी नेमकं तेच लिहिलंय. साठ प्रश्नांची एक प्रश्नावली आहे, मोठ्यांसाठीही. जवळचा ओटी ती भरून घेऊ शकेल. बायपोलर आणि स्किझोफ्रेनिया असलेल्यांत टाळण्याकडे कल इतरांपेक्षा जास्त दिसलेला आहे.

इथे एक धोका सांगते. टाळणं गोड लागतं. दिवसभर कानात बोळे घालून बसलात तर कान आणखी हळवे होतात. मिक्सर चालू असेपर्यंत, वरातीजवळून जाताना, ठीक. मिक्सर थांबला की काढायचे. आणि कापसानं फारसं अडत नाही, मेडिकलमध्ये फोमचे मिळतात ते घ्या.

झोका घ्या! आयर्स यांच्या पद्धतीत झोका हेच मोठं साधन आहे. आमच्याकडे तो छताला हूक लावून टांगतात आणि त्याचे पैसे घेतात. तुमच्याकडे कडुनिंबाला आहे.

रावेरकर, हळवं होण्याची तुमची भीती अगदीच खोटी नाही, बोळ्यांचं म्हणूनच लिहिलं. पण ताई पळत नाहीयेत, त्या मोजतायत. वहीतले आकडे मी बऱ्याच पेशंटना लिहायला सांगते, कुणी आठवड्यापलीकडे लिहीत नाही. मूड चढायच्या आधी आवाज-रंग तीव्र होणं बायपोलरमध्ये बऱ्याच जणांना जाणवतं. डॉक्टरांना तोंडी सांगू नका. वही उघडून टेबलावर ठेवा, मागच्या तीन महिन्यांचं पान.

आणि आखाजी म्हणजे आपल्याकडचं ऊन. लिथियम चालू असताना घाम जास्त गेला आणि पाणी कमी पडलं तर रक्तातलं लिथियम वाढतं. पाणी, ताक भरपूर घ्या, मीठ एकदम तोडू नका, डोकं दुखलं म्हणून आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी मनानं घेऊ नका. हाताची थरथर वाढली, उलट्या-जुलाब झाले, चालताना तोल जायला लागला तर सणाचा विचार न करता त्याच दिवशी डॉक्टर गाठा. गावात रात्री-बेरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर १४४१६, सरकारी टेली-मानस, मराठीत बोलतात.

रोटवाली_आजी (चोपडा)

हे माझी नात टाइप करतेय. मी सांगतेय.

पोरी, मी सासूच आहे, म्हणून तुझ्या सासूचं मला कळतं. आपल्याला वाटतं सगळं घर हिच्यासाठी दबक्या पायानं चालायचं का? मलाही वाटायचं.

माझ्या धाकट्याची ट्रक हायवेला उलटली, सहा वर्षं झाली. हाडं जुळली. पण मागून हॉर्न वाजला की ताठ व्हायचा. एकदा कानबाईच्या विसर्जनाला ढोल लागला तर हा भर मिरवणुकीत खाली बसला, डोकं गुडघ्यात घालून. लोक म्हणाले अंगात आलं. काहींनी पायाही पडून घेतलं! मला हसू येत होतं आणि रडूही. मी भगताकडेही नेऊन आणलं, खोटं कशाला सांगू. शेवटी डॉक्टरनं नाव सांगितलं, ॲक्सिडेंटच्या धक्क्याचं काहीतरी, इंग्रजी आहे. (नात: पीटीएसडी.) औषध आणि बोलण्याचं असं दोन्ही चालू झालं.

त्याला रात्री झोप नसायची. थंडीत मी माझी जुनी जाड गोधडी टाकली त्याच्या अंगावर, तर पहिल्यांदा सकाळपर्यंत झोपला. मला वाटलं थंडी वाजत असेल. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "आई, वजनानं बरं वाटतं. कुणी धरून ठेवल्यासारखं." मग मी आणखी एक शिवली, मुद्दाम जड.

आणि सांगू का, मी एकच गोष्ट बदलली. काही वाजवायच्या आधी बोलते. "कुकर लावतेय रे." "ढोल येतोय रे गल्लीत." माझं काय जातं? तोंड तर चालूच असतं दिवसभर.

अमळनेरची_ओटी

आजी, २०२० मध्ये स्वीडनमध्ये नैराश्य, बायपोलर वगैरे असलेल्या, झोप न येणाऱ्या १२० जणांवर चार आठवडे जड पांघरुणाचा प्रयोग केला, आत साखळ्या घातलेलं पांघरूण, सहा-आठ किलोचं. जड पांघरूण मिळालेल्यांची झोप हलकं मिळालेल्यांपेक्षा बरीच सुधारली. तुम्ही साखळ्यांशिवाय केलंत. फक्त ते स्वतःचं स्वतःला सहज काढता यायला हवं, आणि दमेकऱ्याला नको, लहान पोरांना नको.

मापाची_वही (भुसावळ)

आखाजी होऊन आठवडा झाला. उशीर झाला लिहायला, लग्नसराईचे ब्लाउज होते.

आधी सासूबाई. मांजरीचं उदाहरण सांगितलं तर म्हणाल्या, "हे आधी का नाही सांगितलंस?" आता त्या मिक्सर लावायच्या आधी "लावते गं" म्हणतात, पण अशा सुरात की शेजारणीलाही कळावं. ताटं ठेवायच्या जागी जुनं पोतं अंथरलंय. रोटवाली आजींचा मजकूर मी त्यांना वाचून दाखवला. भगताच्या ठिकाणी त्या एकदम गप्प झाल्या. मलाही एकदा नेलं होतं त्यांनी.

ओटी ताईंचं गुदगुल्यांचं डोक्यात बसलं होतं. म्हणून जाण्याआधी एक करून पाहिलं: मिक्सरचं बटण मीच दाबायचं. दाण्याचं कूट, हात बटणावर, डोळे भांड्यावर. चाललं! तीन आकडा टाकायचे तिथे एक टाकला. इतकी वर्षं मी मिक्सर लागला की गच्चीवर पळत होते.

माहेरी दोन दिवस आधी गेले, गर्दी व्हायच्या आत. मोठ्या वहिनीला बाजूला घेऊन सांगितलं, पहिल्यांदाच. ती म्हणाली, "मला वाटायचं तुला आमचं घर आवडत नाही." धाब्याच्या खोलीत माझी वळकटी टाकली. मातीची हातभर जाड भिंत, बाहेर ४४-४५ आणि आत गार, भोंगा तिथे शेजारच्या गावात वाजतोय असा येतो. पुरणाचं सगळं वाटण मी अंगावर घेतलं, म्हणजे मिक्सर पूर्णवेळ माझ्या ताब्यात. सगळ्या म्हणायला लागल्या, काय कामसू आहे. मी काही बोलले नाही.

झोका घेतला, सकाळी सहाला, सगळे उठायच्या आत. आई ओसरीवरून बघत होती.

सगळं चांगलं झालं असं नाही. सणाच्या संध्याकाळी पत्त्यांवरून भांडण लागलं, कुणीतरी तांब्या फेकला, तो फरशीवर वाजला, पोरं रडायला लागली, त्यात कुणी तरी मोबाईलवर व्हिडिओ काढत होतं आणि तोच परत परत लावून हसत होतं. मी खोलीत गेले, बोळे घातले तरी होईना. थरथरत होते. दोन तास. हे घ्यायला आले तेव्हा रात्रीचे दहा झाले होते. आई म्हणाली पुढच्या वर्षी पत्ते गावाबाहेर. होणार नाही ते, पण म्हणाली.

परत आल्यावर वहीत मिक्सर चार, चार, चार. माझा हात बटणावर असताना चार! झोपही पाच तासांवर आली. या वेळी वाट बघितली नाही. वही नेली, उघडून ठेवली. डॉक्टरांनी चष्मा वर करून दोन पानं मागे जाऊन वाचली. पुढच्या पानावर एका गिऱ्हाइकाचं माप होतं, तेही वाचलं बहुतेक. रक्त तपासायला दिलं, रात्रीच्या गोळीत थोडा बदल केला आणि महिन्याऐवजी आठवड्यानं बोलावलं. कालचा आकडा साडेतीन. असा अर्धा मी आधी कधी टाकला नव्हता.

पांझरा_काठ दादा, तुमच्या आईला माझा नमस्कार सांगा. रावेरकर, म्हैस कशी आहे?

आणि आजी, ती जड गोधडी किती किलोची? आत काय घातलंत? माझ्याकडे अस्तराचे तुकडे पोतंभर पडलेत.

रावेरकर

दूध देतेय. ताई, आमच्याकडे परवा मुलीचा साखरपुडा आहे. डीजे सांगितला होता, सनईवाल्याला फोन केलाय. तुमच्यामुळे नाही, म्हशीमुळे.

रोटवाली_आजी (चोपडा)

साडेचार किलो. किराणा दुकानाच्या काट्यावर मोजली. आत माझी दोन सुती लुगडी, त्याच्या वडिलांची तीन धोतरं आणि एक जुनी सतरंजी. अस्तर घालू नकोस पोरी, सरकतं, सगळं एका कोपऱ्यात गोळा होतं. सुतीच घाल. टाके हातानं घाल, चार बोटांवर एक ओळ. उन्हाळ्यात नुसती पायांवर टाकायची.